कपाटाची किल्ली

शाळेच्या मुख्याध्यापकाची खोली ज्यांनी एकदा पाहिली आहे, त्यांना तेथल्या काचेच्या कपाटाचे निराळे वर्णन करावयास नको. भिंतीशी उभे, दोन दारांचे, वरच्या फळीवर क्रीडास्पर्धांतल्या ढाली, खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, आणि दाराला न चुकता कुलूप. आमच्याही खोलीत असे एक कपाट आहे. त्याची किल्ली अठरा वर्षे आमच्या खिशात होती. या महिन्याचे चार शब्द त्या किल्लीविषयी आहेत. वाचकांनी ते एका मास्तराचा कबुलीजबाब म्हणून वाचले तरी आमची हरकत नाही.

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, हे या भागातल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातला चिखल काढला, आणि चिखलाबरोबर पिढ्यान्पिढ्या माळ्यावर पडून असलेल्या वस्तूही रस्त्यावर आणून टाकल्या. आम्ही त्या वेळी साधे शिक्षक होतो. आप्तेष्टांच्या घरी मदतीस गेलो असता त्या ढिगाऱ्यांत दगडी जाते, लाकडी रवी, काठवट, खलबत्ता, शेराचे माप, कंदील, अडकित्ता अशा वस्तू दिसल्या. मराठी साहित्य शिकलेल्या माणसाला जाते रस्त्यावर पडलेले पाहवत नाही. आम्ही त्या वस्तू उचलून आणल्या, धुतल्या, पुसल्या, आणि सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या लिहून कपाटात मांडल्या. ‘जाते : धान्य दळण्याचे साधन.’ ‘रवी : ताक घुसळण्याचे साधन.’ पुढे आमच्या मातोश्री निवर्तल्या, तेव्हा त्यांची लोणच्याची चिनी मातीची बरणीही त्यांतच ठेवली. तपासणीस येणारे अधिकारी कपाटापुढे दोन मिनिटे थांबत आणि शेरेबुकात चांगला शेरा लिहून जात. अठरा वर्षांत त्यांतली एकही वस्तू फुटली नाही. त्यांच्यापासून कोणी काही शिकल्याचेही आम्हांस आठवत नाही. पण ती गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानातच आली नव्हती.

२०२३ सालच्या जूनमध्ये गुजरातच्या सरकारी शाळांतून बालवाटिकेचे वर्ग सुरू झाले. पहिलीत येणाऱ्या मुलास सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत असा नियम झाला, आणि पाच वर्षांची मंडळी बालवाटिकेत बसू लागली. आवारातच अंगणवाडी आहे. तेथली तीन-चार वर्षांची चिमुरडीही मधूनमधून इकडे येत. पहिल्याच महिन्यात आमच्या कपाटाच्या काचेवर एक नवा प्रकार दिसू लागला. जमिनीपासून सुमारे दोन हातांवर नाकांचे आणि तळव्यांचे ठसे उमटलेले असत. आम्ही रोज सायंकाळी ते ओल्या फडक्याने पुसून काढत होतो आणि यालाच स्वच्छता समजत होतो.

त्याच वर्षी पौषात आम्ही या मुलांना एका मोठ्या शहरातले वस्तुसंग्रहालय दाखवावयास नेले. प्रत्येक मुलाबरोबर घरचे एक माणूस असावे अशी सूचना होती. आमच्या गावात घरचे माणूस म्हणजे कोण, हे त्या दिवशी बसमध्ये स्पष्ट दिसले. सौराष्ट्रातून आलेल्या हिरेकामगारांच्या घरच्या बा होत्या, खानदेशातून आलेल्या यंत्रमाग कामगारांच्या घरच्या आज्या होत्या, एक आजोबा होते, आणि भावाला कडेवर घेतलेली चौथीतली एक ताई होती. आईबाप कामावर गेलेले. पाच वर्षांखालील मूल वाढवणारे माणूस पुस्तकात ‘पालक’ म्हणून येते, परंतु पुष्कळ घरांत ते साठी उलटलेले असते आणि त्याला आपले नाव लिहिता येत नसते.

संग्रहालय उत्तम होते. आमची यात्रा मात्र फसली. आत पाऊल टाकताच रखवालदाराने ‘हात लावू नका’ असे बजावले, मग आम्ही बजावले, मग आज्यांनी आपापल्या नातवंडांची मनगटे घट्ट धरली, आणि ती मिरवणूक चाळीस मिनिटांत सर्व दालनांतून बाहेर पडली. मूर्ती मुलांच्या डोळ्यांच्या फार वर होत्या, आणि पाट्या आज्यांना वाचता येत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तेव्हा बहुतेक मुलांना एकच गोष्ट आठवत होती. आवारातल्या पिण्याच्या पाण्याची तोटी! ती दाबली की पाणी येते आणि सोडली की थांबते. त्या साऱ्या इमारतीत मुलांच्या हातांना मिळालेली ती एकच वस्तू होती. आम्ही हसलो खरे, पण घरी जाताना ते हसू टिकले नाही.

रखवालदाराचा येथे काहीच दोष नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. माणसाच्या तळहाताच्या घामात क्षार असतात, कातडीला तेलकटपणा असतो. शेकडो हात लागले म्हणजे धातू डागाळतो, वस्त्र विटते, रंग उडतो. हजार वर्षांची मूर्ती पुढच्या हजार वर्षांसाठी जपावयाची तर मनाई आवश्यकच आहे. म्हणूनच जाणत्या संग्रहालयांनी अलीकडे वस्तूंचे दोन वर्ग केले आहेत. एक जपावयाच्या वस्तूंचा आणि दुसरा हाताळावयाच्या वस्तूंचा. दुसऱ्या वर्गात दुर्मिळ असे काही नसते. फुटले तर दुसरे आणता येईल असेच तेथे ठेवतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या ब्रुकलिन येथे १८९९ साली खास मुलांसाठी संग्रहालय निघाले. जगातले ते पहिले बालसंग्रहालय मानले जाते. बोस्टनचे बालसंग्रहालय १९१३ सालचे. १९६२ साली तेथे मायकेल स्पॉक नावाचे गृहस्थ संचालक झाले. ज्यांचे शिशुसंगोपनावरील पुस्तक जगभरच्या मातांनी वाचले, त्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव; आणि मौज अशी की यांना स्वतःला लहानपणी वाचन फार जड गेलेले. १९६४ साली त्यांनी ‘आत काय आहे?’ या नावाचे एक प्रदर्शन मांडले. रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या पोटात काय दडलेले असते, ते मुलांनी स्वतः पाहावे आणि हाताळावे अशी त्याची रचना होती. काचेच्या पेट्या बाजूला सरल्या. पुढे जगात निघालेल्या अनेक बालसंग्रहालयांनी हाच कित्ता गिरवला.

आपल्याकडेही अगदीच अंधार नाही. सौराष्ट्रात अमरेली येथे गिरधरभाई बालसंग्रहालय १९५५ सालापासून आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली आपल्याच आवारात, एका जुन्या गोरखचिंचेच्या सान्निध्यात, मुलांसाठी निराळे संग्रहालय उभारले. आणि पुण्याचे राजा केळकर संग्रहालय कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या, आणि त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. १९७५ साली हे सारे धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तो संग्रह जपण्याचाच आहे आणि तसाच जपला पाहिजे. परंतु ज्या वस्तूंत त्यांनी आयुष्य घातले त्या स्वयंपाकघरातल्या होत्या आणि ज्याचे नाव संग्रहाला दिले तो एक लहान मुलगा होता, हा योग आमच्या मनातून जात नाही.

मात्र आम्हांस खरा धडा सापडला तो बोस्टन-मुंबईत नव्हे, तर घराजवळच. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ती कथा आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. १९२३ साली तेथे मुंबईत जन्मलेल्या एक विदुषी येऊन मिळाल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. एक गुजराती वकील वकिली सोडून शिक्षक झालेला, आणि एक मराठी बाई त्या गुजराती मुलांची ताई झालेली! दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह काढून जगाला दाखवले होते की लहान मूल हाताने विचार करते. वजनाच्या पट्ट्या उचलून, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवून, ऊन आणि गार स्पर्श ओळखून ते शिकते. परंतु माँटेसरींची ती साधने घोटीव, बेतीव आणि खर्चाची. हिंदुस्थानातल्या खेड्याने ती आणावी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी मिळाले. कामरेजहून दक्षिणेस जावे, गुजरातची हद्द ओलांडावी, की समुद्रकाठी बोर्डी लागते. ताराबाईंनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शंख-शिंपले, चिंचोके, पाने, काटक्या, माती हीच त्यांची साधने झाली. दलित आणि आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर चालणारा शब्द त्या अंगणांतला आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळा कुरणात गेली. अंगण म्हटले की तेथे ओटा आला, ओट्यावर आजी आली, कडेवर भावंड असलेली बहीण आली. मूल शिकत असताना घरचे माणूस शेजारी बसलेले असे. आमच्या अल्पमतीप्रमाणे बोर्डीच्या प्रयोगाचे मर्म जितके चिंचोक्यांत आहे, तितकेच या शेजारी बसलेल्या माणसात आहे.

रशियातले मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी हेच शास्त्राच्या भाषेत मांडले. मूल आज जे मोठ्याच्या सोबतीने करू शकते, ते उद्या एकट्याने करील. यात ‘सोबतीने’ हा शब्द महत्त्वाचा. नुसती वस्तू मुलापुढे टाकली तर ते ती आपटते आणि निघून जाते. मोठ्याने ती स्वतःच चालवून दाखवली तर मूल प्रेक्षक होते. मनगट धरून ठेवले तर पाण्याची तोटी तेवढी लक्षात राहते. वस्तू, मुलाचा हात, आणि शेजारी मांडी घालून बसलेले, घाई नसलेले एक मोठे माणूस अशी तिन्ही एकत्र आली की लहान मुलाचे संग्रहालय पुरे होते. त्याला इमारत असली तर चांगलेच, नसली तरी अडत नाही.

हे वाचून, उमजून, २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही कपाटाचे कुलूप काढले. सहजासहजी काढले असे म्हणणार नाही. ‘साहेब, हे सर्व फुटेल’ असे आमच्या सहकाऱ्यांनी बजावले होते, आणि आमचे मन त्यांच्याच बाजूने होते. अडकित्ता, कंदिलाची काच आणि टोकदार असे सारे वेगळे काढले. उरलेल्या वस्तू व्हरांड्यात सतरंजीवर मांडल्या आणि दर शनिवारी सकाळी घरच्या माणसांना बोलावणे धाडले.

पहिल्या शनिवारी पाच आज्या आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. एका खानदेशी आजींना आम्ही म्हटले, “आजी, बसा ना मुलांजवळ. त्यांना काही सांगा.” त्या म्हणाल्या, “गुरुजी, मी काय सांगू? माले लिखता-वाचता येस नही.” आम्ही लिहिलेली चिठ्ठी जात्यावर तशीच चिकटलेली होती. आजींनी ती बाजूला सारली, खुंटा हलवून पाहिला, तो सैल आहे म्हणून चिंधी मागितली, चिंधी गुंडाळून खुंटा ठोकला, वरची तळी उचलून टाकीचे घाव बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, “हे टाकायले झालं.” जात्याला टाकी लावावी लागते, हे एम्. ए.च्या अभ्यासक्रमात नव्हते. अठरा वर्षे आम्ही ज्याला ‘धान्य दळण्याचे साधन’ म्हणत होतो, त्याने धान्य दळले जात नव्हते, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी कळली.

पुढच्या शनिवारी दहा-बारा जणी आल्या. सौराष्ट्रातल्या एका बांनी जात्याकडे बोट करून ‘घंटी’ म्हटले. आमच्या मराठी मुलांचे कान टवकारले. त्यांच्या लेखी घंटी म्हणजे शाळा सुटताना वाजते ती! एकाने जात्याला कान लावला. ही घंटी वाजत का नाही, असे त्याने विचारल्यावर बा हसून लोटपोट झाल्या आणि त्यांनी जाते फिरवून वाजवूनही दाखवले. मग कोणी ‘सूप’ म्हणाले, कोणी ‘सुपडुं’. एकीने ‘लाटणे’ म्हटले, दुसरीने ‘वेलण’. आजवर ज्या दोन बायका एकाच गल्लीत राहून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, त्या सुपात ज्वारी घेऊन पाखडण्याची आपापली रीत एकमेकींना दाखवू लागल्या. मुले मध्ये बसून दोन्ही शब्द वेचत होती.

दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या तालुक्यात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. डांग, धुळे, नंदुरबारकडची ही माणसे शेताकडेला पडाव टाकतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांतला एक पाच वर्षांचा मुलगा त्या साली बालवाटिकेत येऊन बसला. आजी त्याला पोचवत असे. तो कोणाशी बोलत नसे; गुजराती त्याला कळत नसे, आणि आमची पुस्तकी मराठीही त्याला परकीच वाटत असावी. दीड महिना झाला तरी त्याच्या तोंडून एक अक्षर निघाले नाही, म्हणून त्याला ऐकू येत नसावे अशी शंका आम्ही बोलूनही दाखवली.

एका शनिवारी आम्हीच जात्यापाशी बसलो होतो. हौसेने मूठभर ज्वारी एकदम तोंडात लोटली आणि खुंटा ओढला. जाते अडले. आम्ही जोर लावला. तेवढ्यात आमच्या कोपरावर एक छोटा हात आला आणि आवाज आला, “असं नही. थोडं थोडं.” त्याने तोंडातले दाणे बोटाने उपसले, चिमूटभर दाणे वैरले, आणि दुसरा हात आमच्या हाताखाली खुंट्यावर ठेवला. पीठ पडू लागले. त्याची आजी खांबाशी उभी होती. ती काही बोलली नाही, पदराने तोंड झाकून हसत मात्र होती. त्या मुलाला ऐकू येत होते आणि बोलताही येत होते. त्याला जे ठाऊक होते ते आम्ही आजवर विचारलेच नव्हते, एवढाच काय तो दोष होता.

आता कबुलीचा दुसरा भाग. माघात एके दिवशी मातोश्रींची बरणी फुटली. ती वास्तविक खाली ठेवावयाचीच नव्हती. पण मुलांनी ‘झाकण कोणाचे?’ हा खेळ काढला होता, आणि बरणीचे झाकण फार सुबक. त्याच मुलाने ती दोन्ही हातांनी उचलली आणि ती निसटली. फरशीवर तुकडे झाले. आमचा आवाज चढला. काय बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. इतकेच सांगतो की तीस वर्षांच्या नोकरीत जे बोलावयाचे नाही म्हणून आम्ही नव्या शिक्षकांना शिकवत आलो, तेच बोललो. मूल खांबामागे गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाही. तिसऱ्या दिवशीही आले नाही.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही पडावावर गेलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, चुली पेटलेल्या. आजी भाकरी थापत होत्या. आम्ही माफी कशी मागावी याचे वाक्य मनात जुळवत होतो, पण आम्हांला पाहताच त्याच उठल्या आणि कमरेची पिशवी सोडून त्यांतल्या नोटा पुढे करून म्हणाल्या, “गुरुजी, बरणीना पैसा किती?” आयुष्यात अशी शरम आम्हांस क्वचितच वाटली असेल. आम्ही म्हणालो, “आजी, पैसे नकोत. चूक आमची झाली. पोराला उद्या पाठवा.” त्यांनी नोटा परत बांधल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बरणी ते फुटनी. पोऱ्याना हातले लागनं नही, हाई बरं झालं.” बरणी फुटल्यापासून त्या क्षणापर्यंत मुलाच्या हाताला काही लागले का, हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूल आले. तुकडे अंगणवाडीच्या तेडागर बहेनांनी केव्हाच गोळा करून आवारात खोल पुरले होते. झाकण मात्र शाबूत राहिले होते. आम्ही ते सतरंजीवर ठेवले.

असो. या अनुभवातून जे चार नियम आम्ही बांधले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून देतो. पहिला, एका वेळी तीन-चार वस्तूच मांडाव्यात. ढीग पाहून मूल भांबावते. दुसरा, जे गमावल्यास जीव हळहळेल ते मुलाच्या हाती देऊ नये. त्यात मुलाचे रक्षण आहे, आणि आपल्या जिभेचेही. तीन वर्षांखालील मुलांजवळ चिंचोके, मणी असे तोंडात वा नाकात जाणारे काही ठेवू नये. धारेची वस्तू मोठ्याच्या हातातच राहावी. तिसरा, ‘हे काय आहे?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘जड आहे का? कशाचा वास येतो? आपल्या घरी असे काय आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. हे थांबणे फार कठीण आहे, विशेषतः शिक्षकाला. चौथा, मूल तीच गोष्ट दहादा करील. त्याला ती करू द्यावी. आणि ते कंटाळले की वीस मिनिटांतही आवरते घ्यावे. संग्रहालय पाहावयास नेले तरी हाच नियम पाळावा. सारी दालने पुरी करू नयेत. मुलाच्या उंचीवर बसून एकच वस्तू पाहावी आणि घरी येऊन तशी दुसरी हाती द्यावी.

सरकारनेही या दिशेने पाऊल टाकले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ या नावाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टींची पुस्तके असा संच प्रसिद्ध झाला. संच चांगला आहे. पण पिटाऱ्याला कुलूप लावण्याची बुद्धी आम्हां मुख्याध्यापकांत उपजत असते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पिटारा आहे की नाही, हे तपासणीत कळेल. त्याला मुलांचे हात लागतात की नाही, हे त्यावरच्या डागांवरून ओळखावे.

या मासिकाचे वाचक बहुतेक पिढ्यान्पिढ्या गुजरातेत स्थिरावलेले. आपल्या घरी नातवंडे गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलतात, आणि मराठी उरली ती सणावाराला. आपण त्यांना मराठी पुस्तके आणून देतो, आणि ती कपाटात राहतात. आमची सूचना एवढीच की माळ्यावरचा खलबत्ता खाली काढावा, आजीच्या पुढ्यात ठेवावा, वेलदोड्याचे चार दाणे नातवाच्या हाती द्यावेत, आणि कर्त्या मंडळींनी तेथून उठून जावे. ‘कुटणे’, ‘वाटणे’, ‘पाखडणे’, ‘निवडणे’, ‘वैरणे’ ही क्रियापदे शब्दकोशात शिकवता येत नाहीत. ती मनगटातून जिभेवर येतात. हा अनुभव आम्ही मराठीचे शिक्षक या नात्याने नोंदवतो.

आमचे कामरेजही काही कमी जुने नाही. ग्रीक दर्यावर्दींच्या वृत्तांतात उल्लेखिलेले बंदर ते हेच, असे विद्वान मानतात, आणि २००३ साली येथे उत्खननही झाले. जमिनीखालची ती खापरे शासनाची आहेत. ती मुलांनी उचलू नयेत असे आम्ही बजावून सांगतो. पण ज्या तापीच्या मातीची ती मडकी घडली, ती माती आजही काठाला आहे. गेल्या वर्षी गावातल्या कुंभारदादांना शनिवारी बोलावले. मुलांनी चाकाला हात लावला, आणि आज्यांनी नदीकाठचे जुने गाव कसे होते ते सांगितले. दोन हजार वर्षांचा इतिहास पाच वर्षांच्या मुलाला याहून अधिक सांगण्याची गरज आहे, असे आम्हांस वाटत नाही.

तो मुलगा आखाजीच्या आधी टोळीबरोबर गावी गेला. पुन्हा येईल की नाही, कोणास ठाऊक. टोळ्या दर साली त्याच शेतावर येतातच असे नाही. आमच्या कपाटात आता ढाली आणि पृथ्वीचा गोल आहे, दाराला कुलूप नाही. बरणीचे झाकण शनिवारी सतरंजीवर असते. मुले ते लोट्यावर, मापावर, खलावर, मडक्यावर बसवून पाहतात. कशावरच ते नीट बसत नाही. तरी दर शनिवारी कोणी ना कोणी ते उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधू लागतो. शेजारी कोणाची तरी आजी बसलेली असते, आणि ती त्याला उत्तर सांगत नाही.